शिंदळ माकुडी
शिंदळ माकुडी (शास्त्रीय नाव: फ्रेरिया इंडिका) ही रुईच्या कुळातील मांसल, बहुवर्षायू वनस्पती आहे. ती निसर्गतः केवळ महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या कातळकड्यांवर आढळते. शिवनेरी व वज्रगड ही तिची परिचित स्थळे होत. मुंबईचे गव्हर्नर (१८६२–१८६७) सर बार्टल फ्रियर यांच्यावरून प्रजातीला हे नाव मिळाले.

स्वरूप
पावसाळ्यात हिला पाने येतात. कोरड्या ऋतूत ती गळतात. तेव्हा पाणी साठवलेले हिरवे खोडच अन्ननिर्मिती चालू ठेवते. फुले तारकाकृती, गर्द तांबडी असून त्यांवर पिवळ्या खुणा असतात.

लागवड
खोडाच्या छाटाची कापलेली बाजू काही दिवस सावलीत सुकवून तो वाळू व बारीक खडी मिसळलेल्या मातीत लावतात. वाढीच्या काळात माती सुकल्यावरच पाणी द्यावे. हिवाळ्यात ते कमी करावे. पाणी साचल्यास मुळे व खोड कुजते. म्हणून डहाणूसारख्या भरपूर पावसाच्या किनारी भागात ती कुंडीत, पावसाच्या आडोशाला वाढवणे योग्य ठरते.

संवर्धन
मर्यादित अधिवास, चराई व वणवे यांमुळे ही जाती संकटग्रस्त आहे. कड्यांवरील रोपे उपटल्यास तिची मूळची विरळ वस्ती आणखी घटते; त्यामुळे बागेसाठी लागवडीतील झाडांच्या छाटांपासून तयार केलेली रोपेच वापरावीत.