तेरवीनंतर



बरेच दिवसांनी लिहितोय. कारण नातेवाइकांना ठाऊक आहेच. ही जाऊन आता सव्वा वर्ष झालं. मधे दोन-तीनदा लिहायला बसलो, पण जमलं नाही.

तीस-बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. लढाया, तह, सनावळ्या पोरांकडून घोकून घेतल्या. पण गावात माणूस मेल्यावर गाव काय करत असे, हा इतिहास कुठल्याच क्रमिक पुस्तकात नव्हता. आज तोच मांडून पाहतो.

माझे वडील गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. साल १९६० च्या आसपासचं. बातमी फिरली आणि मयत उठेपर्यंत आळीत कोणाची चूल पेटली नाही. कोणी बांबू आणले, कोणी सुतळी. कोणाच्या घरून गोवऱ्या, कोणाच्या घरून लाकडं. आमच्याकडे अंत्ययात्रेला जाण्याला 'मातीला जाणं' म्हणतात. हातातलं काम टाकून लोक मातीला आले. पुढे कितीतरी दिवस भाकरी आणि वरण शेजारून येत होतं. संध्याकाळी भजनी मंडळ खंजिरी घेऊन ओसरीवर बसे. हे कोणी ठरवलं, कोणी वाटून दिलं? कोणीच नाही. ज्याचं त्याला माहीत होतं.

ही रीत किती जुनी असेल? नागपूरहून काटोलच्या वाटेवर जुनापाणी आहे. तिथे दगडांची वर्तुळं आहेत, दोन-चार नाहीत, शेकड्यांनी. मोठाले दगड गोलाकार मांडलेले आणि आत माती-मुरमाची भर. १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्याबद्दल लिहिलं, १९६२ मध्ये बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्या मृतांसाठी केलेली ती जागा. आत मडकी सापडली, लोखंडी हत्यारं सापडली. पोरांना सहलीला नेलं की मी लोखंडाबद्दल बोलत असे, ते परीक्षेला यायचं! आता वाटतं, मुख्य गोष्ट सांगायची राहूनच गेली. तो एकेक दगड एका घरच्या माणसांना हलणारा नव्हे. म्हणजे एका घरचं मरण तेव्हाही साऱ्या वस्तीचं काम होतं.

पण जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. ज्या बाया आमच्याकडे भाकरी घेऊन आल्या, त्यांनीच माझ्या मायच्या बांगड्या फोडल्या. ती तिशीची होती. त्यानंतर तिला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. माझ्या लग्नात ती मागच्या खोलीत बसून राहिली, आणि मी बी. ए. झालेला माणूस काही बोललो नाही. ते मला आजही खुपतं. गावाची माया जातीच्या वेशीपाशी थांबत होती, हेही खरं. कित्येक गावांत जाळायच्या जागासुद्धा जातीजातीच्या वेगळ्या.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असं सुचवलं. पेपरात वाचलं तेव्हा मायच्या फोटोकडे बघत बसलो. रीत गावानेच घातलेली असते, म्हणून ती गावाला मोडताही येते.

आता आमच्या कुहीकडे येतो. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं. गंमत बघा, त्याच वर्षी आमच्या तालुक्यातल्या अडमला पुरातत्त्व खात्याने खोदकाम सुरू केलं. एकीकडे दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती मातीतून वर येत होती आणि दुसरीकडे नांदती गावं पाण्याखाली जाणार असं ठरत होतं. वैनगंगेच्या पाण्याने नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतली कितीतरी गावं उठली. आमचं आंभोराही त्यातलंच. धरण हवं की नको यावर मी आज लिहीत नाही. एकच गोष्ट सांगायची आहे.

पुनर्वसनात ज्या अठरा नागरी सुविधा द्यायच्या असतात, त्यांत स्मशानभूमीही असते. माझा एक शिक्षक मित्र अशाच एका नव्या वस्तीत राहत होता. तो गेला तेव्हा मी मातीला गेलो. रस्ता पक्का, स्मशानात टिनाचं शेड, सगळं होतं. पण जुन्या गावची आळी चार ठिकाणी विखुरलेली. कोणी कुहीत, कोणी उमरेडला, कोणी मुलाकडे नागपूरला. खांदेकरी जमेपर्यंत दोन तास थांबलो. शेड यादीत लिहिता येतं, शेजार कसा लिहिणार? आणि जिथे धरण आलं नाही तिथेही पोरं शहरात गेलीच आहेत. माझीही गेली.

ही शेवटचे चार महिने अंथरुणावर होती. लोक येत, औषधं सुचवत, "काही होत नाही, बरं वाटेल" म्हणत. तिला बोलायचं होतं ते वेगळंच. ते ऐकायला कोणी बसत नसे. कधीकधी मीही उठून जात असे. मग ती गेली. तेरा दिवस घर भरलेलं. तेरवीचं जेवण झालं, गाड्या परत गेल्या. चौदाव्या दिवशी सकाळी मी सवयीने दोन कप चहा ठेवला.

आपल्या रीतीत तेरा दिवसांचं सगळं ठरलेलं आहे. चौदाव्या दिवसाचं काहीच नाही. पूर्वी ते लागत नसावं. विहिरीवर, पारावर, शेताच्या धुऱ्यावर रोज माणूस भेटत होता, चौदावा दिवस आपोआप निघून जायचा. आता पार ओस पडला, तेरवी मात्र तेवढी मोठी झाली, कर्ज काढूनही होते. गाडगेबाबा आयुष्यभर कर्जाचे सण करू नका म्हणून सांगत हिंडले. ऐकतो कोण?

तीन महिन्यांनी एक जुना विद्यार्थी दारात उभा. शाळेत कधी पहिल्या दहात नव्हता. म्हटलं, काय रे, काय काम काढलं? म्हणाला, "काही काम नाही जी गुरुजी. असाच बसाले आलो." अर्धा तास बसला. बाईंच्या हातच्या सांडग्यांची आठवण काढली. पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा आला. अजून येतो.

नंतर वाचनात आलं, की केरळात हे काम पद्धतशीर चालतं. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉक्टरांनी दुखणाईतांच्या वेदना कमी करण्याचं काम सुरू केलं. पुढे ते लोकांनीच उचललं. आठवड्याला निदान दोन तास देऊ शकेल असा कोणीही थोडं शिकून घेतो आणि नर्सबाईंच्या जोडीने आजाऱ्याच्या घरी जातो. २००८ मध्ये त्या राज्याने यासाठी धोरणही केलं. ऑस्ट्रेलियाचे समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलन केलेहियर यांनी २००५ मध्ये पुस्तकच लिहिलं, की मरणाऱ्याची आणि मागे राहिलेल्यांची काळजी हे एकट्या दवाखान्याचं नव्हे, साऱ्या गावाचं काम आहे. माझ्या विद्यार्थ्याने यातलं काही वाचलेलं नाही.

आम्ही चार निवृत्त मास्तरांनी आता एक वही केली आहे. गावात कोणी गेलं की तारीख लिहितो. मातीला, तेरवीला सगळेच जातात. आम्ही महिन्याने जातो, तीन महिन्यांनी जातो, वर्षाने जातो. उपदेश करायचा नाही, औषध सुचवायचं नाही, गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि ऐकायचं. विधवा बाईच्या घरी आमच्यापैकी दोघांच्या बायका जातात, कुंकू लावून येतात. एका घरी सासूने हात धरला, परत पाठवलं. पुन्हा जाणार आहोत.

फार मोठं काम नाही हे. पण दगड एकट्याने हलत नाही, एवढं जुनापाणीने शिकवलंच आहे.

असो. तुमच्या गावी चौदाव्या दिवसानंतरची काही रीत असेल तर जरूर कळवा. आणि तुमच्या ओळखीत तीन-चार महिन्यांपूर्वी कोणाकडे कोणी गेलं असेल, तर या आठवड्यात एकदा जाऊन या. काम काय, असं विचारलं तर सांगा, असाच बसायला आलो.