पाणी अडवणारे हात आणि सातबारा

हवामानबदल हा शब्द यवतमाळच्या कोरडवाहू गावांत अलीकडे आला. अनुभव मात्र त्याच्या आधीच येऊन बसला होता. पाऊस पडतो, पण पेरणीनंतर दडी मारतो आणि कपाशी हाताशी आली की एकदम कोसळतो. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगरला पुरात अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाचे हेलिकॉप्टर मागवावे लागले. अशा वेळी संकट सर्वांवर सारखेच आले, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पूर घर पाहून येत नाही, हे खरे. पण पिकाचा पंचनामा सातबारा पाहूनच होतो. पीक बुडाल्याची नोंद मालकाच्या नावे होते. त्याच शेतातली निंदणाची आणि वेचणीची बुडालेली मजुरी कोणत्या रकान्यात लिहायची?

या संकटाशी झुंजण्यासाठी स्वयंसेवी संस्थांनी एकत्र यावे, एका प्रदेशाचा एक आराखडा करावा आणि देणगीदारांनी त्याला सामायिक निधी द्यावा, असा विचार आज मांडला जातो. विचार चांगला आहे. परंतु निधी कोणी दिला, कोणाच्या हाती पडला आणि कोणाच्या शिवारात जिरला, हे विचारल्याशिवाय भूमिहीन माणसाने त्याचे स्वागत का करावे? या प्रश्नांची उत्तरे यवतमाळच्या इतिहासात आहेत.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेतील गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने मूर्तिजापूर–यवतमाळ रेल्वे घातली. हे भांडवल कापूस बाहेर नेण्यासाठी आले होते. मातीच्या ओलाव्यासाठी ते आले नाही. नफा बाहेर गेला, जोखीम गावात राहिली. आणि गावातही ती उतरत उतरत सालदारापर्यंत, निंदणाऱ्या बाईपर्यंत आली.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. तेव्हा मुख्यमंत्री होते ते याच जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्या काळात राज्यभर पसरली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिच्या पैशाचा मार्ग लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसला. पगारदार आणि व्यावसायिक कर भरू लागले आणि तेवढीच भर शासनाने घालायची ठरली. शहराचा पैसा खेड्यातल्या मजुराकडे गेला, आणि तो दान म्हणून गेला नाही. काम मागण्याचा हक्क कायद्याने दिला होता. काम न दिल्यास बेकारभत्ता देणे शासनावर बंधनकारक होते. पुढे केंद्राने २००५ मध्ये याच धर्तीचा कायदा केला, तेव्हा पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत यवतमाळ होता.

परंतु या योजनेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नालाबांध, समतल बांध, पाझर तलाव यांवर घमेले उचलणारे हात बहुतांशी भूमिहीनांचे होते. काम संपले, हजेरीपट बंद झाला, मजूर घरी गेला. बांध मात्र जागेवरच राहिला आणि त्याच्या ओलाव्यावर खालच्या जमीनदाराची विहीर भरली. मजुरी एकदाच मिळाली, पाणी दरसाल मिळत राहिले. दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, ते पडीक जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणून. ती मागणी पुरी झाली असती, तर त्या बांधांचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी जिल्ह्याचे नाव देशभर झाल्यावर पैशाची वाट पुन्हा बदलली. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यानंतर सर रतन टाटा ट्रस्टने 'सुखी बळीराजा' उपक्रम स्थानिक संस्थांमार्फत चालवला. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कृषी विकास निधीचे कर्ज, राज्य शासन आणि हा ट्रस्ट यांचा एकत्रित कार्यक्रम याच सहा जिल्ह्यांत सुरू झाला. अनेक खिसे आणि अनेक संस्था एका प्रदेशासाठी एकत्र येण्याचा हा मोठा प्रयोग होता. महिला बचत गटांना त्यात स्थान मिळाले, हे मान्य केले पाहिजे. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलर कर्जावर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला. हवामानाला तोंड देणारी शेती हेच त्याचे उद्दिष्ट होते. त्यात भूमिहीनांसाठी शेळीपालनासारखी कलमे होती. पण ठिबक, शेततळे, फळबाग या मोठ्या लाभांची किल्ली सातबाराच राहिली. शिवाय अनुदान नंतर खात्यात येणार, खर्च आधी करायचा. ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याने आधी खर्च कोठून करायचा?

२०१७ च्या खरिपात या जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूर होते. जोखीम कोणाच्या पाठीवर असते, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगायचे?

पाण्याची वाटणी वेगळी होऊ शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. त्यांचे ग्रामगौरव प्रतिष्ठान १९७४ चे. तिथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात दिले गेले: माणशी अर्धा एकर, आणि ऊस नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा ठरला. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी घालायचा, बाकीचा शासकीय अनुदानातून आणि बिनव्याजी कर्जातून. हे तत्त्व राज्यभर रुजले नाही. ज्यांच्याकडे जमीन होती, त्यांना ते परवडणारे नव्हते.

म्हणून यवतमाळमध्ये संस्थांनी एकत्र निधी उभा करायचा असेल, तर अटी आधी लिहाव्यात. सार्वजनिक पैशाने अडलेल्या पाण्यात भूमिहीन कुटुंबाचा वाटा ठरावा. आधी खर्च करण्याची अट त्याला लावू नये. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून भूमिहीन दलितांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन देऊ करते; ती जमीन मिळवून देणे हेही हवामानाचेच काम मानावे. आणि निधीचा हिशेब देणगीदाराच्या कार्यालयाआधी ग्रामसभेत, वस्तीतल्या बायाबापड्यांसमोर वाचला जावा.

१९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर पाणी हा हक्काचा प्रश्न म्हणून उभा राहिला. हवामान बदलले म्हणून तो प्रश्न बदललेला नाही. ज्यांनी बांध घातले, त्यांनी आता पाण्याचा हिशेब मागितला पाहिजे.