तांबड्या फॉस्फरसची कुळकथा

हॅम्बुर्गचा किमयागार हेनिग ब्रँड सोन्याच्या शोधात होता. 1669 मध्ये त्याने मूत्र आटवून उरलेला गाळ भट्टीत तापवला, आणि हाती लागला अंधारात चमकणारा, मेणासारखा पांढरा पदार्थ. फॉस्फरसचे माणसाला भेटलेले हे पहिले अपरूप (एकाच मूलद्रव्याच्या अनेक रूपांपैकी एक), आणि सर्वांत तापट. त्याच्या रेणूत चार अणू चौफलकाच्या चार कोपऱ्यांवर दाटीने बसलेले असतात. बंधांमधला कोन अवघा 60 अंशांचा, म्हणून ते ताणलेले आणि तुटायला उतावीळ. हवेत तो सहज पेट घेतो. त्याला पाण्याखालीच ठेवावे लागते.

1830 च्या दशकात हा पांढरा फॉस्फरस आगकाड्यांच्या गुलात आला. कुठेही घासा, काडी पेटणार! घरोघरी सोय झाली, पण तिची किंमत कारखान्यातल्या बायका-मुलांनी मोजली. वाफा श्वासातून आत जात. आधी दात दुखत, मग हिरड्या पिकत आणि शेवटी जबड्याचे हाड कुजत जाई. व्हिएन्नाचे डॉक्टर लोरिन्सर यांनी 1845 मध्ये या रोगाची नोंद केली.

त्याच व्हिएन्नात त्याच दशकात आंटोन श्रोटर पांढरा फॉस्फरस हवेविना तापवत होते. सुमारे 250 अंशांवर तो तांबडा झाला. फॉस्फरसवर असा तांबडा थर पूर्वीही दिसला होता, पण तो ऑक्साइड असावा अशी समजूत होती. श्रोटर यांनी दाखवले, की बाहेरचे काहीही यात मिसळलेले नाही. मूलद्रव्य तेच, फक्त अणूंची मांडणी वेगळी. चौफलकातला एकेक बंध उघडतो, शेजाऱ्याशी जुळतो आणि लांब जाळे विणले जाते. हा फॉस्फरस चमकत नाही, कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळत नाही, पेटायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता मागतो आणि जबडाही कुजवत नाही.

स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश यांनी 1844 मध्येच फॉस्फरस गुलातून काढून घासण्याच्या पट्टीवर नेण्याची युक्ती सुचवली होती. यॉन्शॉपिंगच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी पुढे तांबडा फॉस्फरस वापरून ती बाजारात यशस्वी केली. काडी ओढली की पट्टीवरचा कणभर फॉस्फरस घर्षणाने तापतो, गुलातल्या पोटॅशियम क्लोरेटचा ऑक्सिजन त्याला मिळतो आणि ज्वाळा उठते.

या इतिहासात मला सर्वांत बोचते ते पुढचे अर्धशतक. उपाय हाताशी होता, तरी पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या स्वस्त पडत म्हणून बनतच राहिल्या. 1888 मध्ये लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या मुलींनी दंड आणि जाचाविरुद्ध संप केला, तेव्हाही तिथे पांढराच फॉस्फरस वापरात होता. त्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार बर्नमध्ये झाला तो 1906 मध्ये, आणि भारतातला कायदा आला 1913 मध्ये.

पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी पांढऱ्याचा तांबडा करण्यासाठी त्यावर सुमारे 12,000 वातावरणांचा दाब दिला. तांबडा झालाच नाही. मिळाला काळा फॉस्फरस. थरांवर थर रचलेला, वीज वाहणारा आणि सगळ्या भावंडांत सर्वांत स्थिर.