न छापलेला कागद

मंडळी, संस्थेच्या माहितीची सुरक्षा म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना पासवर्ड आठवतो. या शास्त्राचा पाया मात्र तीन गोष्टींवर आहे. गोपनीयता, म्हणजे माहिती नको त्याला दिसू नये. अविकलता, म्हणजे नोंद कुणी परस्पर बदलू नये. आणि उपलब्धता, म्हणजे गरजेच्या वेळी ती हाताशी असावी. हे तिन्ही शब्द आज आपण एका प्रिंटरच्या हकिकतीतून समजून घेऊ.

शुक्रवार, 5 फेब्रुवारी 2016. स्थळ ढाका, बांगलादेशची मध्यवर्ती बँक. परदेशी व्यवहारांचे स्विफ्ट संदेश तिथे एका प्रिंटरवर आपोआप छापून येत. त्या सकाळी प्रिंटर गप्प होता. शुक्रवार तिकडे सुट्टीचा. नेहमीचाच बिघाड समजून विषय तिथेच राहिला.

आदल्या रात्री काय घडलं होतं? बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला 35 आदेश गेले होते. रक्कम सुमारे 95 कोटी डॉलर. त्यातले 30 अडवले गेले, पाच पुढे सरकले. श्रीलंकेला निघालेले 2 कोटी डॉलर वाटेतच अडले, कारण आदेशात ‘फाउंडेशन’ शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं! उरलेले 8 कोटी 10 लाख डॉलर मनिलातल्या खात्यांत पोहोचले आणि तिथून बरेचसे कॅसिनोंत. प्रिंटर सुरू झाल्यावर न्यूयॉर्कने विचारलेल्या शंका बाहेर पडल्या, पण तोवर तिकडे शनिवार-रविवार. सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. मार्चमध्ये गव्हर्नरांनी राजीनामा दिला.

चोर त्या रात्री आले नव्हते, बरं का. अमेरिकेच्या न्याय विभागाने 2018 मध्ये दाखल केलेल्या तक्रारीनुसार, नोकरीसाठी अर्ज करत असल्याचा बहाणा करणारे ईमेल बँकेत 2015 च्या सुरुवातीलाच आले होते. म्हणजे वर्षभर आत राहून त्यांनी कामाची रीत पाहिली. आता ते तीन शब्द लावून बघा. आदेश देण्याचे अधिकार चोरले, गोपनीयता गेली. प्रणालीतल्या नोंदी फिरवल्या, अविकलता गेली. छपाई बंद पाडली, उपलब्धता गेली.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. आम्हाला इथे कुमारिल भट्टांची मीमांसा आठवते. ते ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, त्यावरूनच तिथे घट नाही हे ज्ञान होतं. पण अट अशी की घट असता तर तो दिसलाच असता. खोलीत अंधार असेल तर न दिसण्याला काही अर्थ नाही. ढाक्यात रोज कागद येत होते. त्या दिवशी ते आले नाहीत, हीच बातमी होती. ती वाचायची कुणी, हे मात्र ठरलेलं नव्हतं.

ढाका लांब वाटत असेल तर आपल्या पुण्यात या. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. कॉसमॉस बँकेच्या बनावट कार्डांवर 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे निघाले. ‘पैसे द्यावेत का?’ ही विचारणा बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचलीच नाही. मधल्या बनावट यंत्रणेने परस्पर होकार दिला. सोमवारी स्विफ्टमार्गे 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगला गेले. एकूण सुमारे 94 कोटी. इथेही न आलेला प्रश्न हाच पुरावा होता.

तेव्हा आपल्यातले जे पतसंस्थेत, शाळेच्या कार्यालयात, गृहनिर्माण संस्थेत काम पाहतात, त्यांनी उद्या एक यादी करावी. रोज आपल्याकडे काय यायलाच हवं? बॅकअप झाल्याचा निरोप, बँकेचा एसएमएस, दिवसअखेरचा ताळेबंद. त्यापुढे एकेका माणसाचं नाव लिहावं: हे आलं नाही तर फोन कुणी करायचा, आणि सुट्टीच्या दिवशी कुणी? नाव कोरं राहिलं, तर आपली खोलीही अंधारीच आहे असं समजावं. लोकांची पुंजी आपल्याकडे ठेवलेली असते. एवढी चौकशी आपण त्यांना देणं लागतो.