सरांचा अल्बम आणि ३७ कोटींचा लिलाव

मेळाव्याच्या तयारीसाठी झालेल्या बैठकीत वाडीवरून चालत येणाऱ्या मुलींना सायकली द्यायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात आपल्या भूगोलाच्या सरांचा मला फोन आला. "तू कॉम्प्युटरवाली ना? माझ्या तिकिटांची किंमत काढ आणि विकून टाक. पैसे सायकलींना." दोन दिवसांनी एक खाकी पिशवी घरी पोचली. आत पोस्टाच्या तिकिटांचे चार अल्बम.

हे अल्बम आठवत नाहीत असा आपल्या बॅचमध्ये कोणी नसेल. 'मग्यार पोस्टा' नावाचा देश नकाशात शोधता शोधता आपली कितीतरी मधली सुट्टी वाया गेली. तो हंगेरी निघाला. 'हेल्वेशिया' म्हणजे स्वित्झर्लंड, हेही सरांनीच सांगितलं. त्यांचा हुकमी प्रश्न असायचा: "स्वतःचं नाव तिकिटावर न छापणारा देश कोणता?" उत्तर ब्रिटन. तिकीट त्यांनीच आधी काढलं, तेव्हा दुसरं कोणाचं नव्हतंच. मग नाव कशाला? राजाराणीचं डोकं पुरलं, ते आजही पुरतं.

किंमत काढायची म्हणून वाचायला बसले आणि नेमक्या याच बिननावी ब्रिटिश तिकिटांच्या एका लिलावापाशी अडकले.

बिल ग्रॉस हे 'पिमको' या अमेरिकन गुंतवणूक कंपनीचे एक संस्थापक. कर्जरोख्यांच्या बाजारातलं मोठं नाव. त्यांच्या तिकिटांची गोष्ट मात्र त्यांच्या आईपासून सुरू होते. मुलाच्या कॉलेजच्या खर्चाची तरतूद म्हणून ही बाई पोस्टातून कोऱ्या तिकिटांची अख्खी शीटं विकत घेऊन जपून ठेवत असे. आपल्याकडे आया भिशी लावतात, चार चांदीचे शिक्के घेऊन ठेवतात, त्यातलाच प्रकार. जुनं झालं की भाव वाढेल, हा हिशेब. पुढे मुलाने ती शीटं व्यापाऱ्यांना दाखवली, तर छापील किमतीइतकेही पैसे द्यायला कोणी तयार नव्हतं. त्या काळात अमेरिकेत खूप जणांनी हाच हिशेब केला होता आणि सगळ्यांच्या कपाटांत तीच शीटं नीट जपलेली होती. जे सगळ्यांनी जपलं त्याला गिऱ्हाईक कुठून येणार?

ग्रॉस यांनी मोठेपणी संग्रह सुरू केला तो ही चूक टाळूनच. दुर्मीळ तेवढंच घ्यायचं, आणि मालिका पुरी करायची. त्यांच्या एका व्यवहाराचं तर आपल्या मधल्या सुट्टीशी अगदी जवळचं नातं आहे. १८६८ सालचं 'झेड ग्रिल' नावाचं एक सेंटचं तिकीट जगात फक्त दोन ज्ञात आहेत. त्यातलं एक न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या मालकीचं. दुसरं मिळवायला ग्रॉस यांनी २००५ मध्ये उलट्या विमानाच्या चार तिकिटांचा ब्लॉक देऊन सरळ अदलाबदल केली. तो ब्लॉक त्यांनी त्याच महिन्यात जवळजवळ ३० लाख डॉलरला घेतला होता. आपण तीन मग्यार देऊन एक त्रिकोणी घ्यायचो, तसंच की हे!

ब्रिटिश तिकिटांबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण किंमत कशाने ठरते ते तिथे नीट कळतं. जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट म्हणजे 'पेनी ब्लॅक'. ते १ मे १८४० रोजी विक्रीला आलं. रोलंड हिल यांची योजना अशी की पैसे पत्र पाठवणाऱ्याने द्यायचे, आणि अंतर कितीही असो, अर्ध्या औंसापर्यंत दर एक पेनी. एका शीटवर २४० तिकिटं, कारण पौंडाच्या पेनी २४०. ओळीत १२, म्हणजे एक ओळ एक शिलिंगची. पोस्टमास्तरला मोजत बसायला नको. शिवाय प्रत्येक तिकिटाच्या खालच्या कोपऱ्यांत दोन अक्षरं, डावीकडे ओळीचं, उजवीकडे रकान्याचं. हे वाचून मला हसूच आलं. आम्ही दिवसभर संगणकावर ज्या पद्धतीने तक्त्यातली जागा सांगतो, तीच ही, १८४० ची. काळ्या तिकिटावर लाल शिक्का मारत, तो पुसून लोक तिकीट पुन्हा वापरतील अशी भीती होती. म्हणून १८४१ मध्ये तिकीट लाल केलं आणि शिक्का काळा.

आता गंमत अशी, की पेनी ब्लॅक पावणेसात कोटींच्या आसपास छापली गेली. ती प्रसिद्ध आहे, पण दुर्मीळ नाही. उलट लाल पेनीच्या ७७ क्रमांकाच्या प्लेटची छपाई सदोष ठरली, ती बाहेर यायलाच नको होती. तरी काही तिकिटं निसटली. बोटांवर मोजण्याइतकी. संग्राहक जीव टाकतात ते त्यांच्यावर.

ग्रॉस यांचा ब्रिटनचा संग्रह जून २००७ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघाला. तो जमवायला साधारण २५ लाख डॉलर लागले होते. आले ९१ लाख डॉलर. त्या वेळच्या भावाने सुमारे ३७ कोटी रुपये. सगळी रक्कम 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संस्थेला दिली गेली. युद्ध, साथ, दुष्काळ असेल तिथे जाऊन उपचार करणारी ही संस्था. १९९९ चं शांततेचं नोबेल तिलाच मिळालं. मुंबईत गोवंडीला औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या रुग्णांवर उपचार करणारी तीच.

पैशाचा आकडा सगळे सांगतात. मला खटकलं ते वेगळंच. एकेक शोधून जुळवलेली मालिका हातोडा पडला की अनेक घरांत विखुरते. ती पुन्हा तशी एकत्र येत नाही. पण अख्खी देऊन टाकली असती तर कदाचित एखाद्या कपाटात बंद झाली असती, आणि औषधं आली नसती.

दानासाठी विकताना दर वेळी नफाच होतो असंही नाही. १८५६ चं ब्रिटिश गयानाचं एक सेंटचं किरमिजी तिकीट जगात एकच आहे. १८७३ मध्ये एका १२ वर्षांच्या शाळकरी मुलाला ते घरच्या कागदांत सापडलं, आणि त्याने सहा शिलिंगला विकलं. बुटांचे डिझायनर स्टुअर्ट वाइट्झमन यांनी ते २०१४ मध्ये जवळजवळ ९५ लाख डॉलरला घेतलं आणि २०२१ मध्ये दानधर्मासाठी ८३ लाखांना विकलं. त्या तिकिटाच्या पाठीवर आधीच्या मालकांच्या खुणा आहेत. यांनीही उंच टाचेचा बूट काढून ठेवला!

सरांचे अल्बम घेऊन मी मुंबईत फोर्टातल्या एका व्यापाऱ्याकडे गेले. त्याने भिंगाखाली शांतपणे सगळं पाहिलं. चहा पाजला. मग जो भाव सांगितला, त्यात दीड सायकल आली असती. "पानं आम्ही टाकून देतो, तिकिटं सुटी करतो," म्हणाला.

ती पानं. प्रत्येक तिकिटाखाली सरांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय, ते कोणी आणून दिलं. आपली नावं, तुकडीसकट.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, हळवी होऊ नकोस. वीक." मी म्हटलं, विकते, पण गिऱ्हाईक मी ठरवते. बराच वेळ वाद घातला, शेवटी कबूल झाले.

तर मेळाव्याच्या दिवशी सभागृहाबाहेरच्या टेबलावर चारही अल्बम असतील. आपलं नाव शोधा, पान घ्या, शेजारच्या डब्यात सायकलींसाठी जे टाकायचं ते टाका. सरांची एकच अट आहे. टेबलाशी ते स्वतः बसणार आहेत, आणि देश ओळखल्याशिवाय पान मिळणार नाही.