कळंबोलीतून अंदमान: सहल ठरवण्याआधी एवढं बघून घ्या

पनवेल : घाटावरून द्रुतगती महामार्गाने येणाऱ्या प्रवाशांना कळंबोलीत उतरून विमानतळ गाठता येतो. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाल्यानं अंदमानला जायचं म्हणणाऱ्यांसाठी आता दोन विमानतळ आहेत. म्हणून तिकिटावर आधी विमानतळ बघा. ‘एनएमआय’ म्हणजे नवी मुंबई, ‘बीओएम’ म्हणजे मुंबई. गफलत झाली तर विमान सुटलंच समजा.

कुठे उतरायचं?
पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. जुनं नावही लोकांच्या तोंडी आहेच. जहाजाने जायचं तर चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणम गाठावं लागतं. समुद्रात अडीच-तीन दिवस जातात आणि जहाज रोज नसतं.

कधी जायचं?
जानेवारी ते एप्रिल हा काळ चांगला. आपल्याकडचा पाऊस संपला तरी तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस असतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे फिरणं सकाळी लवकर सुरू करा.

काय बघायचं?
1906 मध्ये बांधून पूर्ण झालेलं सेल्युलर जेल. स्वातंत्र्यवीर सावरकरांना 1911 मध्ये इथेच आणलं होतं. स्वराज द्वीपावर (जुनं नाव हॅवलॉक) राधानगर किनारा आहे. त्याला 2020 मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालं.

पैसे कुठे बुडतात?
स्वराज द्वीपाला बहुतेक पर्यटक बोटीनेच जातात. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. परतीचं विमान त्याच दिवशी असेल तर तिकिटाचे पैसे गेले. म्हणून शेवटचा मुक्काम श्री विजयपुरमलाच ठेवा. ‘आजच पैसे भरा, निम्म्या दरात पॅकेज’ असा मेसेज आला तर लगेच पैसे पाठवू नका. हॉटेलला स्वतः फोन लावून खात्री करा. मोबाइलला रेंज नसेल तेव्हासाठी थोडी रोख जवळ असू द्या.

हे करू नका
प्रवाळ उचलून आणू नका, तो गुन्हा आहे. जारवा आदिवासींचे फोटो काढणंही गुन्हाच. मगरीचा फलक असेल तिथे पाण्यात उतरू नका. भारतीयांना नेहमीच्या पर्यटनस्थळांसाठी वेगळा परवाना लागत नाही. पण घरातल्या प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र सोबत घ्या.