सेरेंगेटीचं जंगल खरंच 'अस्पर्शित' आहे का? गुरांच्या एका साथीची गोष्ट

टांझानियातलं सेरेंगेटी म्हटलं की डोळ्यांसमोर येतं दूरवर पसरलेलं गवत, स्थलांतर करणारे लाखो विल्डबीस्ट आणि त्यांच्या मागावर असलेले सिंह. माणसाचा हात न लागलेला निसर्ग, अशीच या प्रदेशाची जगभर ओळख आहे.

प्रत्यक्षात आज दिसणाऱ्या सेरेंगेटीच्या जडणघडणीत गुरांच्या एका रोगाचा आणि त्यावरच्या लसीचा मोठा वाटा आहे. या रोगाचं नाव रिंडरपेस्ट. महाराष्ट्रातल्या जुन्या शेतकऱ्यांना तो 'बुळकांडी' म्हणून माहीत आहे.

बुळकांडी म्हणजे काय?

हा गोवराच्या विषाणूशी नातं असलेल्या विषाणूमुळे होणारा रोग. माणसांना तो होत नसे. जनावराला मात्र ताप यायचा, तोंडात व्रण व्हायचे, मग हगवण लागायची आणि काही दिवसांत ते दगावायचं. ज्या भागात हा रोग आधी कधी आला नव्हता, तिथे दर १०० गुरांपैकी ८० ते ९० गुरं मरायची.

आफ्रिकेत तो कसा पोहोचला?

इटलीने १८८५ साली लाल समुद्रावरचं मसावा बंदर ताब्यात घेतलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत या सैन्यासाठी आणलेल्या गुरांमधून साथ सुरू झाली आणि ही गुरं भारतातून आली होती, असं बरेच इतिहासकार मानतात.

इथिओपियात बैल मेले आणि नांगरणी थांबली. त्यात दुष्काळ आणि टोळधाडीची भर पडली. १८८८ ते १८९२ च्या या काळात तिथली सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या मेली, असा अंदाज सांगितला जातो. पुढे साथ दक्षिणेकडे सरकली. १८९६ मध्ये तिने झांबेझी नदी ओलांडली आणि १८९७ पर्यंत ती दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात पोहोचली.

पूर्व आफ्रिकेतल्या मासाई लोकांचं सगळं जगणं गुरांवर होतं. गुरं गेल्यावर दूध गेलं आणि उपासमार सुरू झाली. त्याच सुमारास देवीची साथही आली.

गुरं गेल्यावर जमीन कशी बदलली?

मासाई आपली गुरं चारायचे आणि नवं गवत यावं म्हणून ठरावीक काळाने जुनं गवत जाळायचे. त्यामुळे झुडपं वाढत नसत. गुरं आणि माणसं दोन्ही कमी झाल्यावर अनेक कुरणांवर झुडपं माजली.

या झुडपांची सावली त्सेत्से माशीला मानवते. ही माशी माणसांमध्ये निद्रारोग आणि गुरांमध्ये 'नागाना' पसरवते. साथीत म्हशी, विल्डबीस्ट असे वन्यप्राणीही मेले होते. ते पुन्हा वाढू लागले, तसं माशीला खाद्य मिळालं. मग अशा भागांत गुरं घेऊन परतणं अवघड झालं. नंतर आलेल्या युरोपीय अधिकाऱ्यांना ही ओस पडलेली जमीन मूळचंच रान वाटली.

लसीने काय केलं?

१९५० च्या दशकापासून सेरेंगेटीभोवतालच्या गुरांना लस देण्यात आली. वन्यप्राण्यांना कुणी लस टोचली नव्हती, पण गुरांमधली साथ थांबली तसा त्यांच्यातला रोगही संपला.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे अडीच लाख असलेले विल्डबीस्ट १९७० च्या दशकाच्या अखेरीस १३ लाखांच्या आसपास गेले. इतक्या तोंडांनी गवत खाल्ल्यावर वणव्याला जळायला फारसं उरेना. वणवे घटले, रोपं जगली आणि झाडं वाढली.

भारताचा संबंध

भारतातही बुळकांडीने शतकानुशतकं गुरं मारली. गुरांच्या रोगांवर संशोधन करण्यासाठी १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा सुरू झाली. ती १८९३ मध्ये आजच्या उत्तराखंडमधल्या मुक्तेश्वरला हलवण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. भारतात या रोगाची शेवटची नोंद १९९५ मधली आहे. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याची घोषणा झाली. देवीनंतर पूर्णपणे संपवलेला हा दुसराच रोग.

हे आज का महत्त्वाचं?

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये घोषित झालं. १९५९ मध्ये मासाईंना तिथून शेजारच्या न्गोरोंगोरोला हलवण्यात आलं. २०२२ पासून न्गोरोंगोरोमधूनही अनेक कुटुंबं दूरच्या म्सोमेरा गावी हलवली जात आहेत. हे स्थलांतर ऐच्छिक असल्याचं टांझानियाचं सरकार म्हणतं, तर आपल्यावर दबाव आणला जात असल्याचा आरोप मासाई करतात.

माणूस आणि गुरं असली की निसर्ग बिघडतो, हा विचार अशा निर्णयांमागे असतो. पण तिथल्या गवताळ प्रदेशाला आकार देणाऱ्यांत मासाई आणि त्यांची गुरंही होती. साथीने ती नाहीशी झाली आणि त्यानंतर दिसलेलं रिकामं रान जगाने मूळचं मानलं.